पिंपळाखालच्या सायकलवाल्या भाऊंना

भाऊ,
नमस्कार.

तुमचं नाव मला अजून माहीत नाही. दोन वर्षं आपलं "अहो भाऊ" आणि "काय मावशी" एवढ्यावरच भागलं. गल्लीत काँक्रीटचं काम निघालं, पिंपळ पत्र्यांच्या आत गेला, आणि तुमची लाकडी पेटी, झाडाला टांगलेली जुनी टायरं, पाण्याचं घमेलं, सगळं एका दिवसात दिसेनासं झालं. इस्त्रीवाला म्हणतो तुम्ही परळकडे बसता. वडापाववाला म्हणतो गावी गेलात. दोघंही अगदी खात्रीनं सांगतात. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. दादर-परळकडचं कुणी तुमच्याकडे हवा भरत असेल तर त्यानं तुम्हाला वाचून दाखवावं.

आमची पहिली बाबागाडी तुम्हाला आठवत असेल. लेकीनं फोनवर बघून मागवलेली, छत्रीसारखी मिटणारी, चार जोड्या एवढ्याएवढ्या प्लास्टिकच्या चाकांची. मॉलच्या फरशीवर ती लोण्यासारखी चालायची. पण आमच्या दारापासून शिवाजी पार्कपर्यंत मॉलची फरशी नाही, पेव्हर ब्लॉक आहेत, आणि दर चौथा ब्लॉक एक तर खचलेला नाही तर गायब. चाक त्या फटीत गेलं की गाडी जागच्या जागी थांबायची आणि नातू पट्ट्यात लोंबकळत पुढे यायचा. एकदा गटाराच्या जाळीत चाक असं रुतलं की तुम्ही पेटीवरून उठून आलात, गाडी उचललीत आणि नुसतं म्हणालात, "मावशी, ही गाडी घरातली आहे. रस्त्याची वेगळी लागते."

मला वाटलं, झालं, आता हा काहीतरी विकणार. तुमच्याकडे विकायला काहीच नव्हतं. तुम्ही चाकाचं गणित सांगितलंत. चाक जेवढं मोठं तेवढा खड्डा त्याला लहान. हवेचं टायर असेल तर खड्ड्याचा धक्का रबर खातं, नाहीतर पोराची पाठ खाते. आणि पुढे एकच चाक असलं की खड्डा चुकवायला एकच जागा शोधायची, दोन चाकांसाठी दोन नाही. बासष्टाव्या वर्षी हे मला कुणी एवढं सरळ समजावलं नव्हतं. लेकीनं नंतर सांगितलं की असल्या तीनचाकी मुळात पळणाऱ्या आईबापांसाठी अमेरिकेत १९८०च्या दशकात निघाल्या, सायकलची चाकं लावून. मी काही पळणार नव्हते. मला फक्त भाजी आणि नातू एका खेपेत घरी आणायचे होते.

नवी घ्यायची तर किंमत ऐकूनच लेक गप्प झाली. मग ओळखीतून जुन्या दोन मिळत होत्या. तुम्ही म्हणालात, पैसे द्यायच्या आधी इकडे आणा. पहिली माटुंग्याहून टॅक्सीत घालून आणली. काय चकचकीत होती! तुम्ही ती उलटी केलीत, सीटचं कापड वर सारलंत आणि जिथे सांगाडा मोडून दुमडतो त्या जोडावर अंगठ्याचं नख फिरवलंत. रंगात केसाएवढी रेघ होती. मला ती ओरखडा वाटली. तुम्ही दोन हातांनी दांडी पिळलीत, रेघ उघडली आणि मिटली. "ॲल्युमिनियम आहे. याला तडा गेला की गेला, रस्त्यावरचं वेल्डिंग याला चालत नाही." मी त्याच टॅक्सीनं गाडी परत पाठवली. जाता-येताचं भाडं अंगावर पडलं, त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

दुसरी मळकट होती, छताला भोक होतं, लेकीनं नाक मुरडलं. तिचं एकेक चाक तुम्ही अधांतरी फिरवलंत आणि चाक फिरत असताना दुसऱ्या हाताचं बोट सांगाड्यावर टेकवून ठेवलंत. मी विचारलं, हे काय? म्हणालात, बेअरिंगमध्ये कचकच असेल तर कानाच्या आधी बोटाला कळते. मग ब्रेक लावून मागे-पुढे ढकलून पाहिलीत. पट्ट्यांची बकलं दहा वेळा लावलीत आणि काढलीत. पट्टा पाच ठिकाणी धरणारा हवा, दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक मांड्यांमधून, हे तुमचं वाक्य मी तेव्हापासून बिल्डिंगमधल्या तीन सुनांना ऐकवलंय. आणि सगळ्यात शेवटी, मी पर्स उघडल्यावर, तुम्ही विचारलंत, "लिफ्टचं दार मोजलंत का?"

नव्हतं मोजलं. आमची लिफ्ट ती जुनी, जाळीच्या सरकत्या दाराची. घरी जाऊन शिवणाची टेप घेतली. दार पूर्ण सरकवून पंचवीस इंच. गाडीची मागची चाकं बाहेरून साडेतेवीस. दीड इंचानं वाचलो! तीनचाकी घेणाऱ्या प्रत्येकानं हे आधी करावं, कारण या गाड्या मागून रुंद असतात, दुकानात कळत नाही.

महिनाभर गाडी छान चालली. मग पुढचं चाक थरथरायला लागलं. जरा भरभर चाललं की किराणा दुकानातल्या ट्रॉलीसारखं डावी-उजवीकडे फडफडायचं आणि हँडल हातात नाचायचं. लेक एका मोठ्या दुकानात घेऊन गेली, तिथल्या पोरानं गाडीला हातही न लावता सांगितलं, "पुढचा पूर्ण सेट बदलावा लागेल, आणि तो वेगळा येत नाही." म्हणजे नवी गाडी घ्या. तशीच ढकलत तुमच्याकडे आणली. तुम्ही आधी मागची दोन चाकं दाबून पाहिलीत. मला राग आला होता थोडा, थरथरतंय पुढचं आणि हे मागे काय बघतायत. डावीकडच्या चाकात हवा निम्मी होती, त्यामुळे गाडी डावीकडे ओढत होती. पुढचं चाक ज्या खुंटावर वळतं त्याचा नट सैल होता. आणि टायर रिमवर एका बाजूला वर चढून बसलं होतं. तीन लहान कारणं, मिळून एक मोठी थरथर. हवा सोडून टायर हातानं चहूकडून दाबून बसवलंत, परत भरलंत, नट घट्ट केलात, पण चाक सहज वळेल इतकाच. पंधरा मिनिटं. चाळीस रुपये.

वर हेही दाखवलंत की पुढच्या चाकाला एक खिट्टी आहे, ती लावली की चाक सरळ जखडतं. बाजारात गर्दीत मोकळं ठेवा, पार्काभोवती लांब चालताना जखडा. मी आठ आठवडे ती गाडी वापरत होते आणि ती लाल खिट्टी शोभेची आहे असं समजत होते.

पंक्चरचा दिवस मात्र मला सगळ्यात जास्त आठवतो. नातू त्या दिवशी माझ्या मांडीवर बसून बघत होता. तुम्ही ट्यूब काढून घमेल्यात बुडवलीत, थोडी थोडी सरकवत गेलात, आणि एका जागी मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक वर आले. नातू खिदळला. तुम्ही तो भाग पाण्यातून काढला, आणि त्याच्यासाठी परत बुडवला. तीनदा. मग कानस घासली, सोल्युशन लावलं, फुंकर मारत थांबलात, चकती चिकटवली. मी उठायला लागले तर म्हणालात, "थांबा, चोर अजून आत आहे." पेटीतून कापसाचा बोळा काढलात आणि टायरच्या आतून हळूच फिरवलात. एका ठिकाणी कापसाचे धागे अडकले. तिथे चिमटा लावून ओढलंत तर बारीक तारेचा तुकडा निघाला, बोटानं चाचपून कधीच सापडला नसता. तो तुकडा तुम्ही रस्त्यावर टाकला नाहीत, पेटीतल्या डबीत टाकलात. डबी जवळजवळ भरली होती.

त्याच दिवशी कळलं की आपल्या साध्या सायकलचा पंप या गाडीला का लागत नाही. साध्या सायकलला रबरी नळीचा बारीक वॉल्व, बाबागाडीला मोटारीसारखा जाड. तुम्ही स्कूटरचा पंप वापरलात आणि पेट्रोल पंपावरच्या मशीनपासून लांब राहायला बजावलंत, कारण एवढ्याशा टायरमध्ये ती हवा क्षणात जास्त होते. टायरच्या कडेवर आकडा छापलेला असतो, त्याच्या वर जायचं नाही. आणि ट्यूब बदलायची वेळ आली तेव्हा तुम्हीच म्हणालात की कंपनीची कशाला, पोरांच्या बारा इंची सायकलची बसते. टायरवरचा २०३ हा आकडा जुळला म्हणजे झालं, टायर ज्या कडेवर बसतं तिचा तो मिलिमीटरमधला व्यास. फक्त वॉल्व वाकडा मागायचा, नाहीतर एवढ्या लहान चाकात पंपाचं तोंड शिरत नाही.

तुम्हाला आवडेल म्हणून एक सांगते. डनलॉप हे नाव तुमच्या पेटीतल्या कुठल्या तरी डब्यावर मी पाहिलंय. तो जॉन डनलॉप जनावरांचा डॉक्टर होता, बेलफास्टला. १८८७ मध्ये त्यानं पोराच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली रबरी नळी गुंडाळली, दगडी रस्त्यावर पोराला हिसके बसू नयेत म्हणून. पुढच्या वर्षी पेटंट घेतलं. त्याच्याही चाळीसेक वर्षं आधी थॉमसन नावाच्या माणसानं हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण तोवर लोक ते विसरले होते. आणि तुमच्या साध्या सायकलींचा तो रबरी नळीचा वॉल्व आहे ना, त्यालाही डनलॉप वॉल्वच म्हणतात. खराब रस्ता, तीन चाकं आणि लहान पोर. ते वाचताना मला आपली गल्लीच दिसली.

एकदा तुम्ही मला रागावलात, ते बरोबरच होतं. हँडलला मेथी, कांदे आणि नारळ अशी पिशवी अडकवली होती. नातवाला उचललं आणि गाडी मागच्या मागे उताणी. तो आत असता तर? तेव्हापासून भाजी सीटखालच्या जाळीत. फुटपाथवरून उतरताना गाडी उलटी फिरवून आधी मागची दोन चाकं खाली, चढताना हँडल दाबून पुढचं चाक वर, आणि तिरकं कधीच नाही, कारण तीनचाकी तिरकी घातली की कोपऱ्यावर कलते. हँडलची दोरी मनगटात. हे सगळं आता हाताला झालंय.

एका बाबतीत तुमचं ऐकलं नाही, तेही कबूल करते. तुम्ही एक्सलला सढळ हातानं ग्रीस लावून द्यायचात. आम्ही चौपाटीवर जातो, त्या ग्रीसवर वाळू बसायची आणि आठवड्यात चाक दळण दळल्यासारखं वाजायचं. मी आता बटण दाबून चाक बाहेर काढते, एक्सलला गुंडाळलेले केस आणि धागे कात्रीनं कापते, कोरड्या फडक्यानं पुसते आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब. वाजत नाही. पावसाळ्यात घरी आलं की आधी गाडी पुसायची मग चहा. खारी हवा आणि ओलं कापड, चार दिवसांत बुरशी आणि गंज दोन्ही. पावसाचं प्लास्टिक पाऊस थांबला की लगेच काढते, आत उकडतं पोराला. उन्हातही वरून ओढणी टाकून गाडी बंद करत नाही, त्यानं आत आणखी तापतं.

महिन्यातून एकदा सीटमध्ये दहा किलो तांदळाची पिशवी बसवून, पट्टा लावून, बिल्डिंगच्या उतारावर ब्रेक तपासते. वॉचमन पहिल्यांदा हसला होता. आता तोच पिशवी उचलून देतो.

हे तुम्ही मला का शिकवलंत, याचा मी पुष्कळ विचार केला. दर खेपेला मी तुमच्याकडेच आले असते, चाळीस, पन्नास रुपये दिले असते. तुम्ही उलट पाना हातात दिलात आणि म्हणालात, "घरीच आवळा मावशी, त्यासाठी एवढ्या उन्हात कशाला येता." मी तो घेऊन आले.

नातू आता चालतो, पळतो, गाडीत बसायला कुरकुरतो. गाडी पुढच्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेकडे जाणार आहे. मागच्या उजव्या टायरच्या कडेला बारीक चिरा दिसतायत, ते देण्याआधी तुम्ही बघावं असं वाटतं. आणि भाऊ, तुमचा तो दहा नंबरचा पाना अजून माझ्याकडेच आहे. शिवणयंत्राच्या खणात, फडक्यात गुंडाळून.

तुमची,
बाबागाडीवाली मावशी