राक्षस मारून वेळेवर घरी यायचं

धरमपेठ, नागपूर

प्रिय नीलू,

फोनवर तुला नीट काही सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' ही मालिका घेतली बाप्पा एकदाची बघायला, पिशाच्चं मारायला निवडलेल्या शाळकरी बफीची. पहिला सीझन बारा भागांचाच, तो संपलाही. उन्हाळ्यात दुपारी नागपुरात दुसरं करायचं तरी काय?

पहिल्याच प्रसंगात गार झाले. रात्रीची बंद शाळा, एक आगाऊ पोरगा काच फोडून एका भेदरलेल्या मुलीला आत आणतो. आता या पोरीचं काही खरं नाही म्हणून मी उशी पोटाशी धरली, तर सुळे बाहेर आले ते तिचेच!

१९९७ ची मालिका असल्याचं जाणवतं. पिशाच्चांचे चेहरे रबरी, मारामारीत बफीच्या जागी दुसरीच कोणी उड्या मारतेय हे लगेच कळतं. बदली शिक्षिका म्हणून आलेली बाई राक्षसी कीटक निघते त्या भागाला तर मी भीतीऐवजी खो खो हसले. आणि बफीला सावध करायला येणारा तो गूढ एंजल! अंधारातून येतो, अर्धवट काहीतरी सांगतो, निघून जातो. सरळ बोल ना बे, पोरीचा जीव टांगणीला लागलाय!

पण बफीच्या आईमुळे मी अडकले, नीलू. घटस्फोट झालेली, नव्या गावात आर्ट गॅलरीचा पसारा मांडणारी जॉयस. मुलीला आधीच्या शाळेतून काढलंय, कारण तिने जिम जाळलं. पिशाच्चांनी भरलं होतं म्हणून जाळलं, पण हे आईला कोण सांगणार? दुसऱ्या भागात जॉयस तिला घराबाहेर पडायला मनाई करते. वर म्हणते, मला माहितेय, आज गेली नाहीस तर जगबुडी होईल, सोळा वर्षांच्या मुलीला सगळं तसंच वाटतं. बिचारी टोमणा मारतेय, आणि त्या रात्री खरोखरच जगबुडी व्हायची असते! आई गेल्यावर बफी पेटी उघडते. वर पोरीबाळींचं सामान, ते उचललं की खाली लाकडी सुळके, क्रूस, लसूण. मग खिडकीतून पसार. हे बघताना माझं लक्ष दहावीतल्या आमच्या लेकीच्या बंद दाराकडेच.

जादूटोण्याचा भाग तर आपल्या शंकरनगर चौकात घडू शकेल. एक आई मंत्र घालून मुलीच्या शरीरात शिरते. कशासाठी? तर चिअरलीडर असतानाचे आपले जुने दिवस परत जगायला. आपल्याकडची असती तर नीटला बसली असती. ट्यूशनबाहेर स्कूटीवर ताटकळणाऱ्या आया बघते तेव्हा आता मला ती बाई आठवते. कोणी लक्षच देत नाही म्हणून अदृश्य झालेली मुलगीही आहे एका भागात. तिच्यासारख्या आपल्या वर्गात किती होत्या गं?

मला राहून राहून आपल्या मारबतीची आठवण येत होती. तिचे दोन मोठे पुतळे, काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. तान्ह्या पोळ्याला सगळं शहर रस्त्यावर येतं, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत तिला वेशीबाहेर नेऊन जाळतं. बफीच्या गावात, सनीडेलमध्ये, नरकाचं दारच शाळेखाली, आणि गाव ढिम्म! रोज कोणीतरी मरतं, तरी दुसऱ्या दिवशी घंटा वेळेवर. सगळं एका पोरीच्या डोक्यावर.

अर्थात, एकटीच्या म्हणवत नाही. नियम म्हणतो, एकच निवडलेली, बाकी कोणाला कळता कामा नये. ही दोन भागांत विलो आणि झँडर या मित्रमैत्रिणींना सगळं सांगून मोकळी! तिला शिकवणारा शाळेचा ग्रंथपाल जाइल्स कपाळावर हात मारतो, मग तोच त्यांना जाडजाड पोथ्या काढून देतो. त्या लायब्ररीतल्या चकाट्यांसाठी मी सगळे १४४ भाग बघेन.

शेवटच्या भागात आपण मरणार असं भाकीत तिच्या कानावर पडतं तेव्हा ती जाइल्सच्या अंगावर पुस्तकं फेकते, मी सोळा वर्षांची आहे, मला नाही मरायचं म्हणून रडते. आणि आई? आई तिच्यासाठी नाचाचा झगा आणून ठेवते. मी पदर डोळ्याला लावला, सांगून टाकते.

दुसऱ्या सीझनबद्दल बोल काय बोलायचं ते. जॉयसला कधी कळतं, तेवढं मात्र सांगू नकोस.

तुझी,
मंजू