लस घेतली होती का, हे तरुणांनी विचारावे

लहानपणच्या लशींचा कागद किती विशी-तिशीतल्या मुलामुलींकडे सापडेल? जागतिक आरोग्य संघटनेने हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराची लस सर्व बाळांना द्यावी, असे १९९२ मध्ये सुचवले. पण ती देशोदेशी पोहोचायला वर्षे लागली. त्यामुळे आज कमावत्या वयात असलेले अनेक जण तिच्याविना राहिले असण्याची शक्यता आहे.

हा विषाणू रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधांतून, बाळंतपणात आईकडून बाळाला आणि दूषित सुयांमधून पसरतो. शरीराबाहेर तो किमान सात दिवस तग धरतो, म्हणून दुसऱ्याचे ब्लेड किंवा गोंदवण्याची न उकळलेली सुई नकोच. मात्र एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने तो होत नाही. (रुग्णाचा पेला वेगळा ठेवणाऱ्यांनी हे जरूर वाचावे!)

प्रौढपणी संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांचे शरीर तो स्वतःच परतवते. जुनाट आजार जडतो तो प्रामुख्याने बाळपणी लागण झालेल्यांना. त्यांना कित्येक वर्षे काहीच जाणवत नाही आणि यकृत मात्र हळूहळू निकामी होत जाते, कधी कर्करोगही होतो. अशांना लशीचा उपयोग नाही, नियमित तपासणी व गरजेनुसार औषधे लागतात. म्हणून आधी रक्ततपासणी केलेली बरी.

संसर्ग नसेल तर सहसा सहा महिन्यांत तीन डोस पुरतात. पहिला डोस घेऊन पुढचे विसरणारे पुष्कळ असतात. त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेले डोस घेतले की झाले.

– एक वाचक