जुनं वॉशिंग मशीन भंगारात देऊ नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या महिन्यात रत्नागिरीत आमच्या शेजारच्या घरातलं जुनं हूवर कंपनीचं वॉशिंग मशीन भंगारात किलोवर गेलं, मला कळेपर्यंत टेम्पो निघून पण गेला, अजून जीव हळहळतो. १९४८ ला हूवरने वेल्समधे मर्थर टिडफिलला कारखाना काढला, तिथलं हे ०३०७ मॉडेल, चौकोनी टब, पल्सेटर, म्हणजे पाणी घुसळणारी फिरती चकती, तळाला नाही तर बाजूच्या भिंतीला, आणि वर कपडे पिळायला हाताने फिरवायचे दोन रोलर. तिथलं मशीन बनवणं २००९ ला बंद झालं, म्हणजे पार्ट आता एका जुन्या मशीनचे काढून दुसऱ्याला.

माझ्याकडे असं एक आहे. आपल्या खाऱ्या हवेत गंज पत्रा खालून खातो, तो घासून रेड ऑक्साइड मारला, बेल्ट बदलला, पण सगळ्यात आधी वायरिंग, जुन्या वायरचं रबर बोट लावलं की भुगा होतं, तसंच प्लगला लावलंत तर जिवावर बेतेल. मोटर पहिल्यांदा घुमली तेव्हा आई पडवीतून धावत आली!

बोटीवर नोकरी करून बाहेरून सामान आणलेल्यांची घरं कोकणात कितीतरी आहेत, माळ्यावर असं काही असेल तर विकण्याआधी एखाद्या मेकॅनिकला दाखवा प्लीज.

आपला एक वाचक, रत्नागिरी