दूध आटवताना थांबायचं कुठं

भूम

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. बिनअंड्याचा केक करायचाय आणि कंडेन्स्ड मिल्क डब्यातलं नको, घरीच करायचंय, हे ऐकून मला फार बरं वाटलं. फोनवर सांगितलं तर अर्धं विसरशील, म्हणून लिहून पाठवते.

आपल्या भागात दूध आटवणं कुणाला शिकवावं लागत नाही. बालाघाटाच्या या माळरानावर पावसाचा भरवसा नाही, म्हणून घरोघरी जनावरं. एवढं दूध शहरापर्यंत जाईस्तोवर टिकायचं नाही, म्हणून गावोगावी खव्याच्या भट्ट्या. कुंथलगिरीच्या पेढ्याचं नाव झालं ते याच खव्यामुळं. पण खव्याची सवय असलेल्या हाताला कंडेन्स्ड मिल्क जरा अवघड जातं. खवा करताना पाणी जाईल तेवढं घालवायचं असतं. लिटरभर म्हशीच्या दुधाचा साधारण २०० ग्रॅम खवा उतरतो. इथं मात्र मधेच थांबायचं असतं, आणि कुठं थांबायचं तेच नीट कळावं लागतं.

दूध फुल क्रीमचं घे, ६ टक्के फॅटवालं. टोन्ड दुधात फॅट ३ टक्केच असते. त्याचंही होतं, पण चवीला पाणचट लागतं. एक लिटर दुधाला २०० ग्रॅम साखर. साखर जास्त वाटेल, तरी कमी करू नकोस. ती नुसती गोडीसाठी नसते. दुधात उरलेलं पाणी ती धरून ठेवते, म्हणून जंतूंना वाढायला पाणी मिळत नाही. विकतच्या डब्यातही शंभरात चाळीसच्या वर साखरच असते.

भांडं जाड बुडाचं आणि पसरट घे. उभ्या पातेल्यात वाफ निघायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ दूध बुडाला लागायची धास्ती. दूध ओतायच्या आधी रिकामी कढई वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहून घे. हे विसरू नकोस, याचं काम पुढं आहे.

उकळी येईपर्यंत आच मोठी चालेल, मग मध्यम. सराटा बुडाला टेकवूनच फिरवायचा, कडेची साय खरवडून परत दुधात ढकलायची. कडेला सुकलेली साय उशिरा पडली तर तिच्या गुठळ्या राहतात. दूध निम्म्यावर आलं की साखर घाल. साखर विरघळली की दूध एकदम पातळ झाल्यासारखं दिसतं. घाबरू नकोस, साखरेमुळं तसं होतंच. इथून पुढं मात्र आच मंद आणि हात सुरू. आधीचे बुडबुडे बारीक, फेसाळ असतात. आता ते मोठे, जड होऊन फुटायला लागतात आणि अंगावर उडतात. बाही खाली ओढून घे.

आता वजनाचं. लिटरभर फुल क्रीम दुधात दीडशे ग्रॅमच्या वर घट्ट ऐवज असतो, त्यात २०० ग्रॅम साखर. थोडं पाणी ठेवायचं म्हणजे सगळं मिळून ४८० ते ५०० ग्रॅम. समजा रिकामी कढई ९०० ग्रॅम भरली, तर १४०० च्या जवळ आली की गॅस बंद. काट्यावर आधी दुमडलेलं फडकं ठेव, त्याचं वजन शून्य करून घे आणि मग गरम कढई ठेव. डोळ्यांवर जाऊ नकोस, कारण गरम असताना ते पातळच दिसतं. गार झाल्यावर थेंब थाळीत टाकून थाळी कलती केली, तर तो पातळ मधासारखा सावकाश ओघळायला हवा. गरम असतानाच तसा घट्ट दिसेपर्यंत आटवलंस, तर सकाळी बरणीत त्याचा गोळा सापडेल.

उतरवल्यावर कढई गार पाण्याच्या परातीत ठेव आणि गार होईस्तोवर हलवत राहा. दुधातल्या साखरेचे खडे सावकाश गार होताना मोठे होतात, मग जिभेला रवाळ लागतं. भरभर गार केलं की ते बारीक राहतात.

दूध फाटू नये म्हणून खायचा सोडा घालायचा का, असं विचारलं होतंस. दूध आटतं तसा त्यातला आंबटपणाही दाट होतो, म्हणून शिळं दूध फाटायची भीती. ताज्या दुधाला सोडा लागत नाही. घालायचाच तर अगदी नखभर, नाहीतर रंग तपकिरी होतो आणि वासही येतो.

आपलं डब्यातल्यासारखं पांढरं होणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. अमेरिकेतल्या गेल बॉर्डननं १८५६ साली पेटंट घेतलं, तेच निर्वात भांड्यात दूध आटवण्याचं. हवा काढून घेतली की दूध कमी उष्णतेवरच उकळतं, म्हणून ते करपत नाही आणि रंगही राहतो. आपल्या कढईतलं बदामी रंगाचं होतं आणि त्याला बासुंदीचा वास येतो. मला तर हेच जास्त आवडतं.

कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेव. आठवडाभरात संपव, ओला चमचा घालू नकोस. कारखान्याचा डबा बंद असेस्तोवर महिनोन्‌महिने टिकतो, आपलं टिकत नाही. आणि शेजारच्या ताईंच्या तान्ह्या लेकराला दूध म्हणून पाण्यात कालवून कुणी देऊ नये, त्यांनाही सांग. एवढी साखर बाळाच्या पोटाला नको.

केकला ४०० ग्रॅम लागेल. उरलेलं खीर नाहीतर शिरखुर्म्यात घाल. रविवारी करणार असशील तर दूध सकाळीच आण, आणि कढई गॅसवर असताना फोन घेऊ नकोस, माझा आला तरी.

तुझी,
आई