हातचा कुठून आला?

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले की कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन या विषयात नेमके काय शिकवतात, तेव्हा मी 'कॉम्प्युटर आतून कसा चालतो ते' एवढेच सांगून थांबले. तुम्हाला कळणार नाही असे मला मुळीच वाटले नव्हते. मलाच ते नीट सांगता आले नसते. परीक्षेला एकोणीस दिवस उरले आहेत आणि आता सांगता येईल असे वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अंतर्गत चाचणीत मला कमी गुण मिळाले, हे मी तुम्हाला कळवले होते; ते का मिळाले, हे कळवले नव्हते. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळ असलेली छोटी, वेगवान मेमरी. मेमरीतल्या जागेचा पत्ता ३२ बिटांचा (म्हणजे ० किंवा १ अशा ३२ अंकांचा), ६४ किलोबाइटची डायरेक्ट मॅप्ड कॅश (जिच्यात प्रत्येक ब्लॉकची ओळ ठरलेली असते) आणि ब्लॉक, म्हणजे एका वेळी आणला जाणारा माहितीचा तुकडा, ६४ बाइटचा असेल, तर पत्त्यातील किती बिट कशासाठी लागतील, असा प्रश्न होता. मी जुन्या प्रश्नपत्रिकेतले सोडवलेले उदाहरण पाठ केले होते, ज्यात ब्लॉक ३२ बाइटचा होता, आणि त्याचेच उत्तर उतरवले: ऑफसेट (ब्लॉकमधली जागा) ५, इंडेक्स (कॅशमधली ओळ) ११, टॅग (त्या ओळीत नेमका कोणता ब्लॉक आहे याची खूण) १६. बेरीज ३२ येत असल्यामुळे मला शंकाही आली नाही. ब्लॉक ६४ बाइटचा असल्यामुळे ऑफसेटला ६ बिट लागतात (सहा वेळा दुप्पट केले की ६४), कॅशमध्ये १०२४ ओळी होतात म्हणून इंडेक्सला १० (दहा वेळा दुप्पट केले की १०२४), आणि टॅग तेवढा १६ राहतो. दोन आकडे चुकले, पण त्याहून वाईट गोष्ट ही की ते आकडे कुठून आले, हे मला त्या क्षणी कोणी विचारले असते तर सांगता आले नसते.

आई, तू मला बेरीज शिकवताना हातचा कुठून आला हे सांगितल्याशिवाय पुढच्या घरात जाऊ देत नव्हतीस. त्या चाचणीनंतर मी पुस्तक पुन्हा पहिल्या युनिटपासून उघडले आणि पाहते तर तिथे सगळा हातच्याचाच विचार होता. कॉम्प्युटर दोनच अंकांत, ० आणि १ मध्ये, बेरीज करतो आणि १ अधिक १ झाले की हातचा पुढच्या स्थानी जातो. ३२ स्थानांची संख्या असेल तर शेवटच्या स्थानाला हातच्यासाठी सगळ्यात जास्त वेळ ताटकळावे लागते, आणि बेरजेचा वेग त्यावरच ठरतो. यावरचा उपाय मला फार आवडला. कुठल्याही स्थानी दोन्ही अंक १ असतील तर हातचा तयार होणारच, एकच १ असेल तर मागून आलेला हातचा पुढे जाणार, आणि दोन्ही ० असतील तर तो तिथेच संपणार. म्हणजे प्रत्यक्ष बेरीज होण्याची वाट न पाहता हातचे आधीच काढता येतात. यालाच कॅरी लुकअहेड म्हणतात.

ऋण संख्यांचेही तसेच आहे. ८ बिटांत ५ म्हणजे ०००००१०१. त्यातला प्रत्येक अंक उलटा करून १ मिळवला की १११११०११ येते, आणि तेच उणे ५. दोन्हींची बेरीज करून पाहा, शेवटचा हातचा आठ घरांच्या बाहेर पडतो आणि आत शून्य उरते. ९९ ने गुणायचे असेल तर शंभरपट करून एकपट वजा कर, असे तू सांगायचीस. अँड्र्यू बूथ यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेली गुणाकाराची रीत त्याच विचारावर उभी आहे. ६२ म्हणजे ००१११११०, त्यात ओळीने पाच एक आहेत, म्हणून पाच बेरजा करण्याऐवजी ६४ पट करून २ पट वजा करायची. माझ्या बरोबरीचे बहुतेक जण हे युनिट सोपे समजून वरवर वाचतात आणि थेट पाइपलायनिंगकडे, म्हणजे प्रोसेसरने एक सूचना पूर्ण होण्याआधीच पुढची सुरू करण्याच्या रीतीकडे, वळतात. मला ते चुकीचे वाटते.

पाइपलायनिंगची मला आता भीती नाही. पाच टप्प्यांच्या पाइपलाइनमध्ये कुठे अडथळा आला नाही, तर १०० सूचनांना ५०० ऐवजी १०४ चक्रे, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, पुरतात, आणि अडथळे आले की आकृती काढून एकेक चक्र मोजायचे. बाबा, हिशेब तुमच्या आवडीचा म्हणून एक देते: कॅशमध्ये माहिती १ नॅनोसेकंदात मिळते आणि तिथे नसेल तर आणखी १०० लागतात. शंभरात पाच वेळा नसेल तर सरासरी ६ नॅनोसेकंद, दोनच वेळा नसेल तर ३.

सोबत चाळीस प्रश्नांचा कागद पाठवत आहे. तो मोठ्या अक्षरांत लिहिला आहे, म्हणजे बाबांच्या डोळ्यांना त्रास होणार नाही. उत्तरे मुद्दामच लिहिलेली नाहीत. रोज रात्री नऊ वाजता मी फोन करीन, तेव्हा बाबांनी त्यातले कोणतेही दोन प्रश्न वाचावेत, आणि आई, मी उत्तर दिले की तू पूर्वीसारखेच विचार की हे कुठून आले. मला सांगता आले नाही, तर त्या प्रश्नापुढे फुली करून ठेव. तो मी दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडवीन.

तब्येतीला जपा.

तुमची,
लेक