स्टुडिओच्या अटी बुकिंगआधी लेखी मिळाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अलीकडे नाशिकमध्ये चित्रीकरणासाठी ताशी भाड्याने मिळणारे छोटे स्टुडिओ बरेच झाले आहेत, आणि शिकवणीचे व्हिडिओ करणारे शिक्षक, गायक, लघुउद्योजक असे अनेक जण त्यांचा उपयोग करतात. ही सोय शहराला हवीच आहे. मात्र तिच्या व्यवहारात जी संदिग्धता आहे, तिचा फटका आमच्यासारख्या हौशी, पदरचे पैसे घालून काम करणाऱ्यांना बसतो, म्हणून हे पत्र.

आम्ही चार-पाच मैत्रिणी जात्यावरच्या ओव्या जमवतो. गेल्या पावसाळ्यात सिन्नरकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या एका आजींच्या ओव्या चित्रित करण्यासाठी आम्ही एक स्टुडिओ चार तासांसाठी घेतला. सगळी बोलणी फोनवर झाली आणि निम्मे पैसे आगाऊ दिले. आम्ही दारात पाऊल ठेवल्यापासून तास मोजले जातात, हे तिथे गेल्यावर कळले. दिवे लावणे, माइक तपासणे आणि आजींना स्थिरस्थावर करणे यातच सव्वा तास गेला. शेवटी सामान आवरण्याचा वेळही त्याच चार तासांत धरला गेला.

जागा ‘साउंडप्रूफ’ असल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात भिंतींना स्पंज चिकटवलेला होता आणि वर पत्रा होता. स्पंजाने खोलीतला आवाज घुमायचा थांबतो, बाहेरचा आवाज अडत नाही. त्यासाठी जाड भिंती, भक्कम छत आणि फटी बुजवलेली दारे लागतात. हा फरक आम्हाला ठाऊक नव्हता, पण जागा भाड्याने देणाऱ्याला तो ठाऊक असायला हवा. सर आली तशी पत्र्यावर ताशा वाजावा तसा आवाज सुरू झाला. आजी ओवी अर्धवट सोडून म्हणाल्या, “पोरींनो, पाऊस थांबू द्या, मग म्हणते.” त्या थांबण्याचेही भाडे आम्ही भरले, आणि अठरा ओव्यांपैकी अकराच त्या दिवशी घेता आल्या.

अशा स्टुडिओत भिंत आणि जमीन यांचा कोपरा गोलाई देऊन बुजवतात आणि सगळे पांढरे रंगवतात, म्हणजे कॅमेऱ्यात कोपरा दिसत नाही. त्या रंगावर जाते सरकवताना दोन ओरखडे उठले, ही चूक आमचीच. पण ओरखड्यांसाठी संपूर्ण जमीन रंगवण्याचा खर्च अनामतीतून कापला जाईल, हे आधी कळले असते तर आम्ही जात्याखाली जाजम अंथरले असते. वर 18 टक्के जीएसटीही तोंडी सांगून घेतला. जीएसटी क्रमांक असलेले बिल मागूनही मिळाले नाही. वास्तविक ज्याची जीएसटी नोंदणी नाही, त्याला हा कर ग्राहकाकडून घेताच येत नाही.

जागेचे भाडे, वीजबिल, रंगकाम हे खर्च मालकांना खरोखरच सोसावे लागतात आणि त्यांच्या दराबद्दल माझी तक्रार नाही. पैसे घेण्याआधी एक पानभर अटी त्यांनी लिहून द्याव्यात, एवढीच विनंती आहे. तयारीचा आणि आवराआवरीचा वेळ भाड्यात धरला जातो का, कोणते दिवे भाड्यात येतात, जादा तासाचा दर काय, अनामत कशासाठी कापली जाते, वीज गेली तर त्या वेळेचे काय, हे त्यात स्पष्ट असावे. विजेचा भारही लिहावा. हजार वॅटचा एक दिवा चार अँपिअरहून अधिक वीज ओढतो, आणि असे दोन-तीन दिवे घरगुती एक्स्टेन्शन बोर्डावर लावणे धोक्याचे आहे. भाड्याने घेणाऱ्यांनीही ज्या वेळी चित्रीकरण करायचे त्याच वेळी एकदा जागेवर जाऊन, मध्यभागी टाळी वाजवून आणि मिनिटभर गप्प राहून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून पाहावे. आम्ही ते केले नाही.

दादासाहेब फाळके यांनी 1913 मध्ये आपले बिऱ्हाड आणि चित्रपटनिर्मिती नाशिकला आणली. त्यांच्या नावाचे स्मारक पांडवलेणीच्या पायथ्याशी महापालिकेनेच उभारले आहे. तिथे किंवा शहरात अन्यत्र, पक्क्या छताची एक छोटी चित्रीकरण-खोली जाहीर दरपत्रकासह शाळांना आणि लोककलावंतांना उपलब्ध करून देण्याचा विचार महापालिकेने करावा.

आजींच्या सात ओव्या अजून घ्यायच्या आहेत. दिवाळीनंतर त्या पुन्हा नाशिकला येण्यास तयार आहेत आणि आम्ही जागा शोधत आहोत.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक