दोन रकान्यांचा कागद

ऐरोली, नवी मुंबई

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

रबाळ्याला आमच्याकडचं मोटर तपासायचं यंत्र आज एकवीस दिवस एकही रीडिंग न गाळता चालू आहे. जिन्यात भेटून सांगितलं असतं, पण तुम्ही ‘बरं झालं’ म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा रडकुंडीला आले होते. आमच्या मोजमापाच्या कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, एका कोअरच्या (प्रोसेसरमधल्या एकाच काम करणाऱ्या भागाच्या) जुन्या पीसीवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. चार कोअरचा पीसी आणला आणि दोन-तीन दिवसांतून एकदा रीडिंग गळायला लागलं. कधी चाचणी बंद करताना सगळंच गोठायचं. शोधायला म्हणून कोडमध्ये प्रिंट टाकले की वेळेचं गणित बदलायचं आणि चूक दिसेनाशी व्हायची. ज्यानं तो ड्रायव्हर लिहिला त्याच्या नावानं मी बोटं मोडत होते.

तुम्ही आधी एकच कोअर चालू ठेवून बूट करायला सांगितलंत. चार दिवस काही झालं नाही. मग वहीचं पान फाडून मधोमध रेघ मारलीत. डावीकडे ‘कोअर 0’, उजवीकडे ‘कोअर 1’. डाव्या रकान्यात माझं वाचणारं फंक्शन ओळीओळीनं लिहायला लावलंत, उजव्यात इंटरप्ट हँडलर, म्हणजे कार्डानं हातातलं काम थांबवायला लावणारी हाक (इंटरप्ट) दिली की चालणारं फंक्शन. ‘आता बोट कुठल्याही ओळीवरून पलीकडे उडी मारू शकतं. कुठे मारली तर बिघडेल, ते तूच सांग.’ तिसऱ्या ओळीला सापडलं. शिल्लक रीडिंगांचा आकडा कोअर 0 नं वाचला, त्यातून एक वजा करून परत लिहायच्या आतच कोअर 1 वरच्या हँडलरनं त्यात एक मिळवला, आणि माझ्या शिळ्या आकड्यानं तो पुसून टाकला. एक रीडिंग गेलं.

‘पण मी इंटरप्ट बंद केलेत की काका!’
‘तुझ्या कोअरवरचे, बाळा.’

त्या वाक्यानंतर मी किती तरी वेळ गप्प बसले होते.

मग तुम्ही जे सांगितलंत ते मला त्या दुरुस्तीइतकंच मोलाचं वाटतं. जुन्या कोडमध्ये मुळात सीएलआय, म्हणजे इंटरप्ट थांबवणारी सूचना, होती. लिनक्स 2.4 पर्यंत तिनं सगळ्याच प्रोसेसरांवरचे इंटरप्ट थांबायचे. 2.5 च्या कामात ती सोय काढली. पुढे आमच्याकडे कुणी तरी त्या जागी फक्त चालू कोअरचे इंटरप्ट थांबवणारं फंक्शन घातलं, आणि एका कोअरवर फरक कळायचं कारणच नव्हतं. ‘त्यानं लिहिलं तेव्हा ते बरोबर होतं,’ असं तुम्ही म्हणालात. त्या माणसाची मी मनातून माफी मागितली.

दुरुस्ती करताना ‘कुलूप कोडला नसतं, डेटाला असतं’ हे तुमचं म्हणणं धरून प्रत्येक सामायिक व्हेरिएबलपुढे त्याचं कुलूप कोणतं ते लिहीत गेले. स्पिनलॉक (मिळेपर्यंत कोअरला जागीच फिरत ठेवणारं, एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारं कुलूप) घातला, तरी एका ठिकाणी इंटरप्ट चालू ठेवूनच घेतला होता. कुलूप हातात असताना त्याच कोअरवर हँडलर आला असता, तर तो त्याच कुलपासाठी कायमचा फिरत राहिला असता. हे लॉकडेप या कुलपांच्या चुका पकडणाऱ्या साधनानं दाखवलं, प्रत्यक्ष अडकण्याआधीच. इंगो मोल्नार यांचं हे साधन 2006 पासून, 2.6.18 पासून, कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे, आणि मी ते कधी चालूच केलं नव्हतं! तुम्ही म्हणालात म्हणून केलं.

बंद करतानाचं गोठणं टायमरमुळे होतं. टायमर रद्द केला तरी त्याचं फंक्शन दुसऱ्या कोअरवर चालू असू शकतं, आणि आम्ही त्याच्या पायाखालची मेमरी मोकळी करत होतो. आता ते संपेपर्यंत थांबणारं रद्द करणं वापरलंय. थांबताना त्या फंक्शनला लागणारं कुलूप हातात धरायचं नाही, हे तुम्ही मी निघताना दारातून हाक मारून सांगितलंत. नाही तर तिथे पुन्हा अडकले असते.

पाच रविवार तुम्ही मला दिलेत. काकूंनी दर वेळी पोहे केले. पैशांचं विचारलं तर तुम्ही रागावलात, म्हणून पुन्हा विचारत नाही. तो कागद माझ्या टेबलासमोर लावलाय. नव्यानं लागलेल्या मुलाला परवा त्यावरच बोट फिरवायला लावलं, आणि त्याला माझ्या नजरेतून सुटलेली एक जागा सापडली. रविवारी त्याला घेऊन येते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची